जीर्णोद्धार आणि मोल : कुंभकोणमच्या कांस्यमूर्तींपासून जुन्या दुनळी बंदुकांपर्यंत

कुंभकोणम (तामिळनाडू) : जुनी, मोलाची वस्तू मोडकळीस आली की ती जिथे घडली त्याच कारखान्यात किंवा त्याच परंपरेतील कारागिराकडे पाठवून पूर्ववत करून घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. दुरुस्त वस्तू मोडक्या वस्तूपेक्षा अधिक किमतीची, हा व्यवहारातील नेहमीचा नियम. पुराणवस्तूंच्या आणि संग्राह्य शस्त्रांच्या बाजारात मात्र हा नियम अनेकदा उलटा चालतो. नव्या झिलईने उजळलेली शंभर वर्षांपूर्वीची बंदूक तिच्या फिक्या, झिजलेल्या जोडबंदुकीपेक्षा कमी किमतीला विकली जाते, आणि घासून लखलखीत केलेली चोळकालीन मूर्ती अभ्यासकाच्या दृष्टीने आपली निम्मी साक्ष गमावून बसते.

दुरुस्ती, अस्सलपणा आणि मूल्य यांचे हे नाते समजून घेण्यासाठी कुंभकोणम आणि त्याच्या परिसराइतके बोलके ठिकाण देशात क्वचितच सापडेल. कांस्यमूर्ती ओतण्याची परंपरा येथे अखंड चालू आहे, शेकडो वर्षांच्या मूर्ती आजही पूजेत आहेत, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने देवळाबाहेर पडलेली एक मूर्ती थेट अमेरिकेत पोहोचल्याचे प्रकरणही येथीलच आहे.

शिवपुरमचा नटराज

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर असलेल्या शिवपुरम या गावी १९५१ मध्ये शेतात खोदकाम करताना नटराजासह अनेक कांस्यमूर्ती सापडल्या. नटराजाची मूर्ती साधारणपणे दहाव्या शतकातील, म्हणजे चोळ कांस्यकलेच्या ऐन बहरातील मानली जाते. सरकारने या मूर्ती गावातील शिवमंदिराच्या स्वाधीन केल्या. शतकानुशतके जमिनीत राहिल्याने त्यांना दुरुस्तीची गरज होती, म्हणून १९५४च्या सुमारास त्या परिसरातील एका स्थपतीकडे सोपवण्यात आल्या.

देवळात मूर्ती परत आल्या आणि पूजाही सुरू झाली. परंतु परत आलेला नटराज ही नवी प्रतिकृती होती. मूळ मूर्ती मध्यस्थांमार्फत मुंबईतील खासगी संग्रहात पोहोचली होती. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी आरंभीच्या चोळ कांस्यमूर्तींवरील आपल्या १९६५ च्या ग्रंथात, शिवपुरमच्या देवळातील मूर्ती खरी नसल्याचे नमूद केले. तोपर्यंत ही गोष्ट उघडपणे कोणी मांडलेली नव्हती.

पुढे मूळ मूर्ती न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडे गेली. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने ती ९ लाख डॉलरना विकत घेतली. मूर्ती संवर्धनासाठी लंडनमध्ये असताना भारत सरकारने तिच्यावर हक्क सांगितला आणि न्यायालयीन कारवाई सुरू केली. १९७६ मध्ये तडजोड झाली. संस्थेने भारताची मालकी मान्य केली, त्या बदल्यात दहा वर्षे मूर्ती प्रदर्शनात ठेवण्याची मुभा तिला मिळाली. १९८६ मध्ये नटराज भारतात परतला.

या प्रकरणाची चर्चा सहसा तस्करीच्या अंगाने होते. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आणखी एक धडा आहे. मूर्ती दोनदा दुरुस्तीसाठी हातावेगळी झाली, एकदा कुंभकोणम परिसरात आणि एकदा लंडनमध्ये. पहिल्या वेळी सविस्तर नोंद, मोजमापे व जवळून घेतलेली छायाचित्रे यांच्याशी ताडून मूर्ती परत स्वीकारली गेली असती, तर अदलाबदल तेव्हाच उघड झाली असती. दुरुस्तीला पाठवलेली आणि दुरुस्तीहून आलेली वस्तू एकच आहे हे सिद्ध करता येणे, ही तिचे मोल टिकण्याची पहिली अट आहे.

स्वामीमलैचे स्थपती

कुंभकोणमच्या पश्चिमेस सात-आठ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, स्वामीमलै हे मुरुगन दैवताच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक असलेले गाव आहे. येथील स्थपती आजही मेणाच्या साच्यातून मूर्ती ओततात. मधमाश्यांचे मेण व राळ यांच्या मिश्रणातून शिल्पशास्त्राच्या प्रमाणांनुसार मूर्ती घडवली जाते. तिच्यावर कावेरीच्या गाळातील अतिशय बारीक मातीचा पहिला लेप देतात आणि नंतर जाडसर मातीचे थर चढवतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर पडते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला जातो. थंड झाल्यावर साचा फोडून मूर्ती काढतात. छिन्नीकाम, घासकाम आणि शेवटी डोळे उघडण्याचा विधी यानंतर ती पूजायोग्य ठरते. या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य मूल्यनिर्धारणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साचा प्रत्येक वेळी फोडावा लागत असल्याने कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. प्रतिकृती कितीही कुशल हातांनी केली तरी बोटांची ठेवण, प्रभावळीतील ज्वालांचे अंतर, वस्त्राच्या चुण्या यांत फरक राहतो. म्हणूनच जुनी छायाचित्रे हाताशी असल्यास अस्सल-नकलीचा निवाडा बहुधा करता येतो. त्याच वेळी, कारागिरी आणि परंपरा तीच असल्यामुळे स्वामीमलैच्या स्थपतीने केलेली भर नजरेला सहज वेगळी दिसत नाही. ‘मूळ घराण्याच्या हातची दुरुस्ती’ ही या कारणाने वरदानही ठरते आणि पेचही निर्माण करते.

पूजेचे मोल आणि संग्रहाचे मोल

देवळातील उत्सवमूर्तीचे मोल तिच्या पूर्णत्वात असते. आगमपरंपरेनुसार मुख्य अवयव भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. बोट, अलंकार, आयुध अशा गौण भागांची मोडतोड झाल्यास दुरुस्तीला वाव असतो. बारा वर्षांनी होणाऱ्या कुंभाभिषेकाच्या निमित्ताने अशी कामे हाती घेतली जातात. नित्य अभिषेक आणि चिंचेने घासणे यांमुळे शतकानुशतके पूजेत असलेल्या मूर्तींचे नाक, डोळे, दागिने झिजतात, आणि काही मूर्तींचे असे झिजलेले तपशील नंतरच्या काळात छिन्नीने पुन्हा कोरलेले आढळतात. भाविकाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. ज्या मूर्तीचे दर्शन घ्यायचे तिचे डोळे स्पष्ट असले पाहिजेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

संग्रहालय, अभ्यासक आणि संग्राहक यांचा निकष वेगळा असतो. त्यांच्या दृष्टीने धातूवर चढलेला हिरवट-तपकिरी थर, पूजेने आलेली गुळगुळीत झीज, जमिनीतील मातीचे कण, ओतकामातील लहानसहान दोष हे सारे पुरावे असतात. मूर्ती किती काळ पूजेत होती, किती काळ जमिनीत होती, कोणत्या भागातील मातीत होती, हे त्यावरून कळते. आम्लाने धुतलेल्या किंवा यंत्राने घासलेल्या मूर्तीवरील हा पुरावा कायमचा जातो. नव्याने रासायनिक हिरवा रंग चढवला तरी तो परत येत नाही.

तरीही ‘हात लावू नका’ हा नियम सरसकट लागू करता येत नाही. धातूत मुरलेले क्लोराइड क्षार दमट हवेत पुन्हा सक्रिय झाले की मूर्तीवर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके उमटतात आणि धातू आतून पोखरला जातो. हा विकार वेळीच थांबवला नाही तर वस्तूच शिल्लक राहत नाही. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात १९३० मध्ये रासायनिक संवर्धनाची प्रयोगशाळा सुरू झाली, ती देशातील या क्षेत्रातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. तेथे विद्युत्‌-रासायनिक पद्धतीने अनेक कांस्यमूर्तींवरील घातक थर काढून त्या वाचवण्यात आल्या. या पद्धतीत क्षारांबरोबर वरचा जुना थरही जातो. म्हणून आज संवर्धक शक्य तेथे केवळ रोगट भागावर उपचार करतात, ओलावा नियंत्रित ठेवतात आणि केलेले काम पुढे कोणालाही उलटवता येईल याची काळजी घेतात.

न घासलेला पृष्ठभाग न्यायालयातही कसा उपयोगी पडतो, हे पाथूरच्या नटराजाने दाखवले. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पाथूर येथे १९७६ मध्ये जमिनीत सापडलेली ही मूर्ती चोरट्या मार्गाने लंडनला गेली. कॅनडातील एका कंपनीने १९८२ मध्ये ती अडीच लाख पौंडांना घेतली. मूर्ती ब्रिटिश म्युझियममध्ये तपासणी व संवर्धनासाठी असताना लंडन पोलिसांनी ती ताब्यात घेतली. पुढील खटल्यात पाथूरच्या जागेत सापडलेल्या इतर वस्तूंवरील माती आणि वाळवीच्या वाटा यांची नटराजावरील खुणांशी तुलना करण्यात आली. निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ मध्ये अपीलही फेटाळले गेले आणि मूर्ती भारतात परतली. ती आधीच पूर्णपणे घासून उजळली गेली असती, तर पुराव्याचा हा दुवा हाती राहिला नसता.

बंदुकांच्या बाजारातील हिशेब

संग्राह्य दुनळी बंदुकांच्या व्यवहारात हाच प्रश्न अधिक रोखठोक स्वरूपात समोर येतो, कारण तेथे मूळ कारखाना आणि त्याच्या नोंदवह्या अनेकदा अस्तित्वात असतात. लंडनच्या पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंड, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्‌स या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन झालेल्या पेढ्यांच्या ग्राहकांत भारतातील संस्थानिक मोठ्या संख्येने होते. अमेरिकेत कनेक्टिकटमधील पार्कर, तसेच विंचेस्टर यांच्या बंदुकांना संग्राहकांत विशेष मान आहे.

या बंदुकांच्या पोलादी यंत्रणेवर हाडांचा व लाकडाचा कोळसा वापरून उष्णतेने पृष्ठभाग कठीण करतात. तापलेला भाग पाण्यात विझवल्यावर त्यावर निळ्या, तपकिरी, राखाडी रंगांच्या लहरी उमटतात. हे रंग वापराने, घामाने आणि उन्हाने फिके पडतात. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही ते मूळ स्वरूपात टिकून असतील तर बंदूक फारशी वापरली गेली नाही याची ती खूण ठरते आणि तिला चढा भाव येतो. तेच रंग नव्याने दिले की बंदूक सुंदर दिसते, पण ती खूण नाहीशी होते. शिवाय यंत्रणेचे भाग पुन्हा तापवताना वाकण्याचा आणि त्याआधी घासताना कोरीव नक्षीच्या कडा बोथट होण्याचा धोका असतो.

कारखान्याकडून झालेल्या दुरुस्तीचा किमतीवर होणारा परिणाम चार बाबींवर ठरतो.

पहिली बाब दुरुस्तीपूर्वीची स्थिती. मूळ झिलई बऱ्यापैकी शिल्लक असलेल्या बंदुकीवर नवी झिलई चढवणे म्हणजे हाती असलेले मूल्य घालवणे होय. याउलट गंजाने खाल्लेल्या, दस्ता फुटलेल्या, नळीला खोक पडलेल्या बंदुकीत संग्राहकाला भावेल असे थोडेच उरलेले असते. तिची उत्तम दुरुस्ती झाल्यास किंमत वाढते. मात्र तीही अनेकदा दुरुस्तीच्या खर्चाइतकी वाढत नाही.

दुसरी बाब दुरुस्ती कोणी केली. इंग्लंडमध्ये बंदूक ठरावीक काळाने मूळ पेढीकडे पाठवून तपासून घेण्याची रीत जुनी आहे. मूळ पेढीनेच त्याच क्रमांकाने नव्या नळ्या बसवल्या असतील, तर ते बंदुकीच्या आयुष्यातील स्वाभाविक टप्पा मानले जाते. जुन्या नळ्यांचा मागचा भाग ठेवून पुढे नव्या नळ्या जोडलेली बंदूक वापराला सुरक्षित असली, तरी संग्राहक तिला बरीच कमी किंमत देतात. ब्रिटनच्या चाचणीगृहांच्या नियमानुसार अशा नळ्यांवर तसा शिक्का असावा लागतो.

तिसरी बाब दुरुस्तीचा काळ. बंदूक वापरात असताना, तिच्या पहिल्या मालकाच्या हयातीत कारखान्याने केलेली दुरुस्ती हा तिच्या इतिहासाचा भाग ठरतो. संग्रहासाठी, विक्रीपूर्वी केलेल्या आजच्या दुरुस्तीला तो मान मिळत नाही. पार्करचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थांबले. त्यानंतर त्या बंदुकांवर इतरांनी केलेले काम, कितीही सुरेख असले, तरी त्याला कारखान्याचे काम म्हणता येत नाही.

चौथी आणि निर्णायक बाब नोंद. अनेक पेढ्यांच्या वह्यांत प्रत्येक बंदुकीच्या क्रमांकापुढे तिची मूळ मापे, लाकडाचा दर्जा, पहिला ग्राहक यांची माहिती असते. दुरुस्तीसाठी आल्याची नोंदही काही वेळा मिळते. वहीशी जुळणारी, झालेली दुरुस्ती उघडपणे सांगणारी बंदूक विश्वासाने विकली जाते. दुरुस्ती लपवून ‘मूळ स्थितीतील’ म्हणून विकलेली बंदूक फसवणूक ठरते. पुढे ते उघड झाल्यावर विक्रेत्याची पतही जाते.

या हिशेबात सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा ठेवावा लागतो. जुन्या पद्धतीने पोलाद व लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या, गुळगुळीत करण्याच्या नादात आतून अधिक घासल्या गेलेल्या नळ्या किंवा आखूड काडतुसांसाठी बनवलेली बंदूक आजच्या काडतुसांनी चालवणे जिवावर बेतू शकते. संग्राहकाला आवडणारी अस्पर्श बंदूक चालवण्यायोग्य असेलच असे नाही.

तंजावरचे शस्त्रागार

कावेरीच्या या मुलुखाला शस्त्रसंग्रहाचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो मराठी वाचकाला जवळचा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला स्थापन केलेले मराठी राज्य १८५५ मध्ये दुसरे शिवाजी यांच्या मृत्यूनंतर कंपनी सरकारने खालसा केले. सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील ग्रंथसंपदा तंजावरातच राहिली. शस्त्रागाराच्या वाट्याला मात्र निराळे भवितव्य आले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि पुष्कळशी मोड म्हणून निकालात निघाली. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात त्या शस्त्रांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यांतून बचावलेल्या, जाळीदार पोलादी मूठ असलेल्या तंजावरी कट्यारी आज परदेशांतील नामांकित संग्रहालयांत दिसतात.

ज्या शस्त्रांना तेव्हा भंगाराचा भाव आला, त्यांचे मोल पुढे अभ्यासामुळे वाढले. आज अशा कट्यारीवरील जुना गंज वाळूकागदाने काढून टाकणारा मालक, नकळत का होईना, तीच चूक लहान प्रमाणावर करत असतो.

कायद्याची चौकट

भारतात अशा वस्तूंचे मोल बाजारापेक्षा कायदा अधिक ठरवतो. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरतात आणि त्यांची खासगी निर्यात करता येत नाही. धातू व दगडाच्या जुन्या मूर्तींची नोंदणी बंधनकारक आहे. तामिळनाडूत मूर्तिचोरीच्या तपासासाठी पोलिसांचा स्वतंत्र विभाग १९८३ पासून कार्यरत आहे. चोरीचा संशय सिद्ध झाला की परदेशी बाजारातील किंमत शून्यावर येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना घेतलेला श्रीपुरंतनचा नटराज २०१४ मध्ये भारताला परत करावा लागला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी देवळातच घेतलेली छायाचित्रे त्या प्रकरणात मोलाची ठरली.

बंदुकांना शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो. बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करता येते. बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, त्यामुळे झिलईपूर्वीच्या घासकामात क्रमांक पुसट झाला तर किमतीबरोबर कायदेशीर स्थितीही धोक्यात येते. दुरुस्ती करूनही बार उडवता येणार नाही अशा कालबाह्य वा पुराणमूल्याच्या शस्त्रांना अधिनियमातून सूट आहे. मात्र असे शस्त्र पुन्हा चालते करण्याचा प्रयत्न झाल्यास ही सूट राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि वारशाने आलेल्या बंदुकांनाही हीच मर्यादा लागू आहे. त्यामुळे आजोबांच्या तीन-चार बंदुकांपैकी कोणती ठेवावी, असा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला आहे. अशा वेळी कोणती बंदूक मूळ स्थितीत आहे हे ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

दुरुस्तीपूर्वी घ्यावयाची काळजी

देवळाचे विश्वस्त असोत, वारसदार असोत वा संग्राहक, काही पथ्ये सर्वांना समान आहेत. वस्तू हातावेगळी करण्यापूर्वी सर्व बाजूंनी, तसेच दोषांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, मापे व वजन लिहून ठेवावे. चिंच, लिंबू, आम्ल, वाळूकागद किंवा घरगुती पॉलिश वापरू नये. वाढत जाणारा गंज थांबवणे आणि वस्तू नवी दिसेल असे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले बहुधा आवश्यक असते, दुसरे क्वचितच. बदललेला जुना भाग टाकून न देता वस्तूसोबत जपून ठेवावा. कारागिराकडून काय केले याचे लेखी टिपण घ्यावे आणि परत आलेली वस्तू आधीच्या छायाचित्रांशी ताडूनच स्वीकारावी.

देवळातील मूर्तीबाबत हे अधिकच खरे आहे, कारण तेथे विक्रीची किंमत हा विषयच नसतो. गावाच्या दृष्टीने तो गावचा देव असतो आणि प्रतिकृती कितीही सुबक असली तरी ती त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवपुरमचा मूळ नटराज भारतात परत येईपर्यंत तो दुरुस्तीसाठी देवळाबाहेर पडल्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.